फुटाला किती?

सांगलीत घर बांधायला काढलेला माणूस माझ्या ऑफिसात येऊन बसला की चहा यायच्या आत विचारतो, ‘म्याडम, सध्या फुटाला काय चाललंय?’ जसा काही बेदाण्याचा सौदाच निघालाय. कुणाच्या मेहुण्याने १,७०० मध्ये केलेलं असतं, कुणाला २,१०० सांगितलेले असतात, विश्रामबागेतल्या कुणी २,४०० मोजलेले असतात. गिऱ्हाईक हे तीन आकडे घेऊन येतं आणि चौथा माझ्याकडे मागतं.

मी अंदाजपत्रकं करते. नकाशा एकाचा, बांधणार दुसरा, राहणार तिसरा. माझं काम एवढंच की या घरात किती पोती सिमेंट, किती सळई, किती ब्रास खडी, किती फूट गिलावा आहे ते कागदावर मांडायचं आणि त्यापुढे आजचा भाव लिहायचा. हे करता करता माझं एक ठाम मत झालंय. स्वतःचं घर बांधताना चौरस फुटाच्या दरावर ठेका देण्याची आपली पद्धत बंद व्हायला हवी. ती ठेकेदाराला सोयीची आहे, बँकेला सोयीची आहे, इंजिनिअरलाही सोयीची आहे. जो त्या घरात राहणार, त्याच्यापुरतीच गैरसोयीची आहे.

एक साधं गणित सांगते. पंचवीस बाय चाळीसचं आयताकृती घर, १,००० चौरस फूट. बाहेरच्या भिंतींची लांबी १३० फूट. आता तेवढंच १,००० फुटांचं घर, पण काटकोनात वळलेलं, चाळीस बाय चाळीसच्या चौकोनातून वीस बाय तीसचा तुकडा कापल्यासारखं. त्याच्या बाहेरच्या भिंती भरतात १६० फूट. भिंत दहा फूट उंच धरली तर ३०० चौरस फूट जास्तीची भिंत झाली. आतून-बाहेरून गिलावा ६०० फूट, वर रंग तेवढाच. फुटाचा दर मात्र दोन्ही घरांना एकच! एका घरात एक संडास-बाथरूम आहे आणि दुसऱ्यात तीन, तरी दर तोच. मग ठेकेदार काय करतो? तो दोन्ही घरांना पुरेल असा दर सांगतो. ज्याचं घर साधं, सरळ, काटकसरीने आखलेलं, तो दुसऱ्याच्या कोनाकोपऱ्यांचे पैसे भरतो. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात वर्षानुवर्षं दाखवून दिलं की विटा आडव्या न लावता उभ्या कडेवर, मधे पोकळी ठेवून लावल्या, तर साधारण पाव हिश्श्याने कमी लागतात. आपल्याकडे हे करून घ्यायला कुणी निघालाच, तर वाचलेल्या विटांचे पैसे मालकाला मिळतील असं कलम फुटाच्या करारात कुठे असतं?

शिवाय फूट म्हणजे कुठला फूट? कुणी स्लॅबचं माप धरतं, त्यात छज्जे आले, बाल्कनी आली, जिन्यावरची टोपी आली. कुणी छज्जा निम्मा धरतं. १,००० फुटांचं म्हणून ठरलेलं घर बिलाच्या वेळी १,१८० फुटांचं होतं आणि दोन्ही बाजू आपापल्या परीने खऱ्या असतात. मग त्या दरात काय नाही हे कळायला लागतं. कंपाउंडची भिंत नाही. गेट नाही. जमिनीतली पाण्याची टाकी नाही, सेप्टिक टँक नाही, बोअर नाही. स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या नाहीत, जिन्याचा कठडा नाही, खिडक्यांचे ग्रिल कधी आहेत, कधी नाहीत. बांधकामासाठी महावितरणचं तात्पुरतं मीटर घ्यावं लागतं, त्याचा दर घरगुती दरापेक्षा चढा; तो मालकाचा. महापालिकेचं विकास शुल्क मालकाचं. कामगार उपकर लागू झाला, तर तोही मालकाचा. आणि हा दर जीएसटी धरून की सोडून, हे तर विचारायचं कुणाला सुचतही नाही. एकट्या घरासाठी फक्त मजुरीचा ठेका दिला तर त्यावर जीएसटी नाही. मालासहित ठेका दिला तर तो १८ टक्के आहे. वीस लाखांच्या कामात हा फरक केवढा, ते ज्याचं त्याने मांडावं.

पण खरी गंमत जमिनीखाली आहे. कृष्णाकाठची काळी माती शेताला सोनं असली तरी पायाला वैरीण आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं घर हलवते. तिच्याखालचा मुरूम लागेपर्यंत खाली जावंच लागतं. तो कुठे चार फुटांवर लागतो, कुठे नऊ फूट गेलं तरी काळंच निघतं; एका गल्लीतल्या समोरासमोरच्या दोन प्लॉटांत हा फरक मी पाहिलाय. करारात बहुतेक वेळा लिहिलेलं असतं, ‘पाया पाच फुटांपर्यंत, पुढे जादा.’ हे जादा किती, याचा हिशोब कुणी आधी करत नाही. बारा कॉलमचं घर घ्या. सहा बाय सहाचा खड्डा पाचऐवजी नऊ फूट गेला की एका खड्ड्यात १४४ घनफूट जास्त, बारा खड्ड्यांत १,७२८. शंभर घनफुटांचा ब्रास, म्हणजे सतरा ब्रास जादा खोदाई. प्रत्येक कॉलम चार फुटांनी लांब झाला, त्याचं काँक्रीट वेगळं, सळई वेगळी आणि खड्डे पुन्हा बुजवायचे ते वेगळेच. हे सगळं भूमिपूजनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं, तेव्हा मालकाला ‘नको’ म्हणायची सोय नसते. आणि गोष्ट किती साधी आहे! प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत जेसीबीने खड्डा मारून आधी बघायचं. जेसीबीच्या तासा-दीड तासाच्या भाड्यात पायाचा खर्च कळतो. मुहूर्त बघायला लोक पंचांगवाल्याकडे दोनदा जातात, पण हा खड्डा मारायला तयार होत नाहीत. आधी जमिनीला जखम नको म्हणे.

जोत्याचंही तेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेच्या पाण्याने ५७ फूट ओलांडले, त्यानंतर आमच्याकडे ‘जोतं दोन फूट’ ही भाषाच गेली. सखल भागात सगळ्यांना चार फूट हवं असतं. जिथे पूर येत नाही तिथेही रस्ता दर डांबरीकरणाला चार बोटं वर येतो आणि पंधरा वर्षांत घर खड्ड्यात जातं, त्यामुळे उंच जोतं हवंच, याबद्दल माझी तक्रार नाही. पण २५ बाय ४० च्या घराचं जोतं तीन फूट भरायचं, तर भिंतींची जागा वजा केली तरी पंचवीस-सत्तावीस ब्रास मुरूम बसतो. तोही कुटलेला, पाणी मारून दबलेला. सुटा आणायचा तर तीसच्या वर. फूटभर वाढवलं की आणखी दहा ब्रास. फुटाच्या दरात हा भराव कुणाचा? सत्तर टक्के करारांत त्याचा उल्लेखच नसतो, असं म्हणायचा मोह होतो, पण मी मोजलेलं नाही. माझ्या टेबलावर आलेल्यांत तरी क्वचितच दिसतो. आणि उल्लेख नसला की ठेकेदार तो साइटवरच्या खोदलेल्या काळ्या मातीनेच भरतो. वर चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी. दोन पावसाळ्यांनी हॉलच्या मधोमध फरशी पोकळ वाजू लागते, तेव्हा दोष फरशीवाल्याला मिळतो.

गेल्या वर्षी, २२ सप्टेंबर २०२५ पासून, सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आठवडाभर फोन वाजत होते, आता घर स्वस्त होणार का म्हणून. हिशोब करा. हजार फुटांच्या घराला ढोबळमानाने चारशे पोती सिमेंट लागतं. करासकट ३५० ला मिळणारं पोतं नव्या कराने ३२३ च्या आसपास यायला हवं. पोत्यामागे सत्तावीस रुपये, चारशे पोत्यांमागे जवळजवळ अकरा हजार, म्हणजे फुटाला अकरा रुपये. फार नाहीत, पण आहेत. माझ्याकडे त्यानंतर आलेल्या कोटेशनांत फुटाचा दर अकरा काय, एक रुपयानेही उतरलेला मला दिसला नाही. दिसणार तरी कसा? त्या दरात सिमेंट किती धरलंय हे कुठे लिहिलेलंच नव्हतं. सळई महागली की मात्र दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा फोन येतो, ‘साहेब, परवडंना.’

पैसे द्यायच्या पद्धतीबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं, कारण घरं अर्धवट राहतात ती इथे. पाचशेच्या स्टॅम्पवर दीड पानाचा करार होतो आणि त्यात टप्पे लिहिलेले असतात. उचल दहा टक्के, पाया पंधरा, जोतं पंधरा, स्लॅबपर्यंत आणखी तीस. म्हणजे स्लॅब पडला की सत्तर टक्के पैसे गेले. त्या दिवशी गल्लीभर पेढे वाटतात, सेंटरिंगवाल्यांना जेवण असतं, आणि सगळ्यांना वाटतं घर झालं. खर्चाच्या हिशोबात त्या दिवशी निम्मं घर बाकी असतं. विटा, गिलावा, फरशी, दारं, खिडक्या, नळकाम, वायरिंग, रंग, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं पुढे आहे. वीस लाखांच्या कामात चौदा लाख दिले आणि झालं फार तर दहा लाखांचं. उरलेले चार लाख कुठे आहेत? बहुधा मिरजेतल्या दुसऱ्या कुणाच्या पायात, खडी होऊन पडलेत. ठेकेदार लबाडच असतो असं मी म्हणत नाही. त्यालाही आधीच्या साइटवरचं भोक बुजवायचं असतं. पण मग तुमच्या साइटवर गवंडी चार दिवस येतो, दहा दिवस गायब होतो. तुम्ही फोन करता, तो ‘उद्या माणसं लावतो’ म्हणतो, आणि त्याच्यावर तुमचा कसलाच दाब राहिलेला नसतो.

आता बँकेकडे वळते. घर बांधायला कर्ज काढलं की बँक इंजिनिअरच्या सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक मागते. म्हणजे घरागणिक एक लेखी अंदाजपत्रक असतंच! पण ते कशासाठी बनवलेलं असतं? रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, त्यापुढे ७५ लाखांपर्यंत ८० टक्के. उरलेला हिस्सा मालकाने घालायचा. तो घालायचा नसला की बावीस लाखांचं घर कागदावर अठ्ठावीस लाखांचं होतं. दोन पानं, सात-आठ ओळी, शेवटी ‘इलेक्ट्रिक व इतर’ म्हणून एक गोल आकडा. बँकेचा माणूस येतो, मोबाइलवर फोटो काढतो, ‘साठ टक्के काम’ असं लिहितो, हप्ता सुटतो. त्या घराबद्दल कागदावर असलेला एकमेव हिशोब खोटा असतो आणि खरा ठेकेदाराच्या डोक्यात. मी असली कागदं करून देत नाही, म्हणून काही गिऱ्हाइकं माझ्या पायऱ्या उतरून पलीकडच्या ऑफिसात जातात. जावोत. पण फुगवलेला कागद शेवटी कुणाला फेडावा लागतो? पंचवीस लाखांना साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं म्हणजे महिन्याला २१,७०० च्या आसपास हप्ता. निवृत्तीला आठ वर्षं उरलेल्या माणसाने हे कसं फेडायचं, हे त्या दोन पानांत नसतं. बँकांनी बाबनिहाय अंदाजपत्रक मागावं, त्यातल्या मापांवर हप्ता सोडावा आणि प्रत्येक तपासणीची एक प्रत मालकाच्या हातात द्यावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.

माझे वडील सार्वजनिक बांधकाम खात्यात होते. त्यांच्यामुळे लहानपणी मी ‘एमबी’ पाहिली, मोजमाप पुस्तिका. पानांना छापील क्रमांक, पान फाडायचं नाही, खोडायचं नाही, चूक झाली तर रेघ मारून शेजारी सही करायची. लांबी, रुंदी, उंची, नग आणि शेवटी परिमाण. मापं लिहिल्याशिवाय बिल निघत नाही. त्या खात्यावर लोक हसतात, काही वेळा रास्त हसतात. तरी ओढ्यावरची एक मोरी बांधताना सरकार जेवढी मापं लिहून ठेवतं, तेवढी आपण जन्माची पुंजी घालून बांधलेल्या घराची ठेवत नाही. माझा आग्रह त्या वहीचा आहे. बाब, परिमाण, दर, रक्कम. खोदाई इतके ब्रास, इतक्या रुपयांनी. काँक्रीट इतकं, सळई इतके किलो, वीटकाम इतकं. सहाशे रुपयांची फरशी की साठ रुपयांची, तेही लिहून. झालेलं काम शनिवारी दोघांनी मिळून मोजायचं आणि तेवढ्याचेच पैसे द्यायचे.

‘म्याडम, लई खोलात जाताय तुम्ही,’ असं ठेकेदार म्हणतात. सामान्य माणसाला हे जमणार नाही, असंही म्हणतात. कुपवाड रस्त्यावरच्या एका घराचे मालक एसटीतून निवृत्त झालेले चालक. शिक्षण दहावी. वाळूचा डंपर आला की हे काका टेप घेऊन चाकावर पाय देऊन वर चढायचे. हौद्याची आतली लांबी, रुंदी, मग माल चार ठिकाणी सपाट करायला लावून उंची. मधे ढीग आणि कडेला खाली असा भरलेला डंपर बघणाऱ्याला भरगच्च दिसतो. मोजला की दोन ब्रासचा पावणेदोन निघतो. ते तिथल्या तिथे गुणाकार करायचे आणि चलनाच्या मागे लिहून ड्रायव्हरची सही घ्यायचे. ड्रायव्हर आधी वैतागला, मग त्याने मालकाला फोन केला, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून माल आपोआप भरून यायला लागला. सळईचंही त्यांना एकच सूत्र सांगितलं होतं, मिलिमीटरचा वर्ग भागिले १६२, म्हणजे मीटरमागचे किलो. बारा मिलिमीटरची बारा मीटर लांब कांब साधारण १०.६६ किलो भरते. त्यात थोडा कमी-जास्तपणा चालतो, तो मानकातच दिलेला आहे. त्यांनी भाव लिहिलेल्या पानामागे ते लिहून ठेवलं होतं. वजनकाट्याच्या पावतीशी कांबा मोजून ताडायचे. याला इंजिनिअर लागत नाही.

एवढं सगळं मांडल्यावर बहुतेक वेळा एक अवघड संध्याकाळ येते. बेरीज हातातल्या पैशांपेक्षा चार-पाच लाखांनी जास्त निघते. तेव्हा घरातली माणसं माझ्यासमोरच कापाकापी सुरू करतात आणि पहिली कात्री लावतात ती न दिसणाऱ्या गोष्टींना. सळई थोडी कमी करूया, वॉटरप्रूफिंग पुढच्या वर्षी, कॉलमच्या रिंगा लांब अंतरावर. इथे मी हट्टी होते. १९६७ चा कोयनेचा भूकंप आमच्या भागातल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो. ९३ चं किल्लारी तर माझ्या पिढीने पाहिलं. रिंगेचं टोक ९० अंशांऐवजी १३५ अंशांत आत वळवायला एका रिंगेमागे बोटभर सळई जास्त लागते. त्यात वाचवून काय वाचणार?

कापायचे तर चौरस फूट कापा. १,२०० चं १,००० करा. दोन हजारांच्या हिशोबाने तिथेच चार लाख सुटले. जिन्याशेजारची ती ‘गेस्ट रूम’ कुणासाठी आहे? पुण्यात हिंजवडीला नोकरीला असलेला मुलगा वर्षातून दिवाळी आणि गणपतीला येतो, त्याच्यासाठी अख्खा वरचा मजला बांधून ठेवणारी घरं मी किती दाखवू! खाली दोघं म्हातारी, वर कुलूप, आणि कुलपाच्या आतल्या खोल्यांचा हप्ता. मुलगा परत येईल ही आशा मी मोडत नाही. पाया आणि कॉलम वरच्या मजल्याच्या हिशोबाने करून घ्या, त्याला आज थोडेच पैसे जास्त लागतात. गच्चीवर ठेवलेल्या सळ्या उघड्या गंजत ठेवू नका, त्यांच्यावर हलकं काँक्रीट घाला. खोली तो आल्यावर बांधता येईल, त्याच्या पगारातून.

ठेकेदारांचीही एक बाजू आहे आणि ती खोटी नाही. फुटाचा दर ठरवला तर मालक दर आठवड्याला मन बदलत नाही, असं ते म्हणतात. बाबनिहाय ठरलं की बायकोने फरशी बदलली, मेहुण्याने किचन फिरवलं, आणि प्रत्येक वेळी नवा हिशोब. खरंय. म्हणून बदल वहीत लिहायचा, त्याचा दर लिहायचा, खाली दोघांची सही, मग फोडायची भिंत. एकूण रकमेवर दहा टक्के अडीअडचणीसाठी वेगळे ठेवायचे आणि ते ठेकेदाराला सांगायचे नाहीत. छोट्या ठेकेदाराकडे मापं लिहिणारा माणूस नसतो, हेही खरं. त्याच्याकडून फक्त मजुरी घ्यावी आणि माल आपण आणावा. दगदग होते, पण माल काय आला ते डोळ्यांनी दिसतं.

आणि शेवटचे पाच टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवायचे. जून ते सप्टेंबर गच्ची गळली नाही, बाथरूमच्या भिंतीला ओल आली नाही, की ऑक्टोबरात न मागता देऊन टाकायचे. हे कलम घातलं की ठेकेदार माझ्यावर चिडतात, कारण पावसाळ्यानंतर मालक फोनच उचलत नाहीत हा त्यांचा अनुभव आहे. तोही खराच आहे. म्हणून आता मी करारात तारीख घालते, आणि त्या तारखेनंतर थकलेल्या रकमेवर मालकाने व्याज द्यायचं, हेही लिहिते. यावर मात्र मालक चिडतात.